घरच्या कॉम्प्युटरला आणखी मेमरी हवी की नको?



“कॉम्प्युटर हँग होतो, रॅम टाकावी लागेल.” ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असतेच. दुरुस्तीवाला म्हणतो, शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणतो, आणि मग आपणही म्हणू लागतो. मेमरी खरोखर कमी पडते आहे हे मोजून पाहिले का, असे विचारले तर मात्र सगळे गप्प. अंगात कणकण वाटली की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग डॉक्टरांकडे जातो. कॉम्प्युटरचा थर्मामीटर कॉम्प्युटरच्या आतच फुकट बसवलेला आहे. तो कसा लावायचा आणि त्यावरचा आकडा कसा वाचायचा, एवढाच आजच्या पाठाचा विषय.

हा विषय घ्यायला एक कारण घडले. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पालक शाळेत आले. लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करणारे. म्हणाले, “सर, पोरगा म्हणतो रॅम टाकल्याशिवाय अभ्यास होणार नाही. हिच्या भिशीचे पैसे आले आहेत. टाकून टाकू का?” पोरगा खोटे बोलत नव्हता. त्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटे लागत होती. पण जे दुखणे होते ते मेमरीचे नव्हते. ते कसे कळले, हे पुढे येईलच.

पूर्वी असा निर्णय चुकला तरी नुकसान थोडे होते, कारण रॅमची पट्टी स्वस्त मिळायची. २०२५ च्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात. कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला, आणि घरगुती पट्ट्यांचे भाव वर्षअखेरीस दुपटीच्याही पुढे गेले. आपल्या गुजरातेत साणंदला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या कारखान्याचे बांधकाम २०२३ मध्ये सुरू झाले. तो मेमरी चिपची जुळणी आणि तपासणी करण्यासाठी उभारलेला आहे. म्हणून “आता गुजरातेतच बनते, सुरतला स्वस्त मिळेल” असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. मेमरीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, आपल्या रिंग रोडवर नाही.

आता आधी मेमरी म्हणजे काय ते पाहू.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फडताळात डबे आहेत: डाळ, तांदूळ, पीठ, मसाले. पण फडताळात स्वयंपाक होत नाही. लागेल तो डबा काढून ओट्यावर घ्यायचा आणि काम ओट्यावर करायचे. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. आई एकटी, भाजी-भाकरीच करायची असेल, तर दोन फुटांचा ओटा पुरतो. लग्नघरचा स्वयंपाक असेल तर पुरत नाही. मग काय होते? परात खाली फरशीवर ठेवायची, ती लागली की उचलायची आणि ओट्यावरचे दुसरे काही खाली ठेवायचे. स्वयंपाक होतो, पण निम्मा वेळ उचल-ठेव करण्यात जातो. कॉम्प्युटरही रॅम भरली की नेमके हेच करतो. सध्या न लागणारी माहिती डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. त्या फाइलला पेजफाइल म्हणतात.

ही उचल-ठेव इतकी जाचक का होते, ते आकड्यांवरून समजेल. रॅममधून माहिती मिळायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला साधारण ०.१ मिलिसेकंद आणि फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद. मुलांनो, हे गुणोत्तर वहीत करून पाहा. रॅमचा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीला १,००० सेकंद म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतात. हार्ड डिस्कला १,००,००० सेकंद, म्हणजे एक दिवस आणि वर पावणेचार तास! ओट्यावरची वाटी घ्यायला एक सेकंद, आणि तीच वाटी सुरतहून उधना-जळगाव लाइनीने गावी जाऊन आणायची, असा हा फरक आहे.

जाता जाता थोडा इतिहास. भारतात रचना करून बांधलेला पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, आणि पुढे १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याची मेमरी लोहचुंबकी कड्यांची होती. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. २,०४८ ला ४० ने गुणा, ८ ने भागा: १०,२४० बाइट, म्हणजे बरोब्बर १० केबी. तुमच्या घरच्या ८ जीबीच्या कॉम्प्युटरमध्ये असे किती टिफ्रॅक मावतील? उत्तर आठ लाखांच्या वर येते. नेमका आकडा काढून आणा. आणि एवढ्याशा मेमरीवर शास्त्रज्ञ खरीखुरी गणिते सोडवीत होते, हेही ध्यानात ठेवा.

आजची रॅम ज्या तत्त्वावर चालते ते आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले. त्याचे पेटंट १९६८ चे. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरणारा एक इवलासा कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे बारीक भोक पडलेला पेला. त्यातला भार गळतच असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा थांबतो आणि सगळे पेले रिकामे होतात. लाइट गेल्यावर सेव्ह न केलेला निबंध का नाहीसा होतो, याचे उत्तर इथे आहे.

आता थर्मामीटर. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या पानावर मेमरी निवडा. आकडे बरेच दिसतील, घाबरू नका. पाहायचे आहेत ते मोजकेच.

‘इन यूज’ म्हणजे आत्ता वापरात असलेली मेमरी. त्याच्या शेजारी कंसात ‘कॉम्प्रेस्ड’ असा आकडा असतो. जागा कमी पडू लागली की विंडोज काही माहिती दाबून ठेवते, जशा आपण पावसाळ्यानंतर गोधड्या दाबून गाठोडे बांधतो. हा आकडा फुगत चालला असेल तर ओटा भरत आल्याची ती पहिली खूण. ‘अव्हेलेबल’ म्हणजे लगेच देता येईल अशी मेमरी. आणि ‘कॅश्ड’ म्हणजे पुन्हा लागेल या अंदाजाने विंडोजने ओट्यावरच राहू दिलेली माहिती.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. “बघा, ७० टक्के मेमरी भरलीय!” असे म्हणून कोणी घाबरवले तर घाबरू नये. ओटा रिकामा ठेवण्यासाठी बांधलेला नसतो. विंडोज मोकळी मेमरी मुद्दाम कॅशसाठी वापरते आणि कोणी मागितली की क्षणात देते. म्हणून ‘मोकळी किती’ यापेक्षा ‘अव्हेलेबल किती’ हा आकडा महत्त्वाचा. याच कारणाने ‘रॅम साफ करणारे’ म्हणून मिळणारे प्रोग्रॅम निरुपयोगी असतात. ते ओट्यावरची तयार फोडणी फेकून देतात आणि जागा झाली म्हणून सांगतात. पुढच्या मिनिटाला तीच फोडणी पुन्हा करावी लागते.

आणखी एक आकडा ‘कमिटेड’. तो ९.२/१२.७ असा जोडीने असतो. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून जास्तीत जास्त कबूल करता येईल तेवढी. पहिला आकडा दुसऱ्याला भिडू लागला की प्रोग्रॅम आपोआप बंद पडतात, “मेमरी अपुरी” असा संदेश येतो. काही हौशी मंडळी वेग वाढावा म्हणून पेजफाइल बंद करून टाकतात. ते करू नये.

एवढ्यावर थांबून निकाल देता येत नाही. त्याच पानावर डावीकडे डिस्कचा आलेखही आहे, तोही सोबत पाहावा. शोधायच्या ‘रिसोर्स मॉनिटर’ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ असा आलेख असतो. नाव भयंकर आहे, पण त्याचा अर्थ काही बिघडले असा नाही. हवी ती माहिती रॅममध्ये नव्हती, डिस्कवरून आणावी लागली, एवढाच अर्थ. नवा प्रोग्रॅम उघडताना हा आलेख उसळतो आणि खाली बसतो, ते चांगलेच लक्षण. पण काही नवे न उघडता, नुसते एका खिडकीतून दुसरीत जाताना तो सतत उंच राहिला, त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आणि अव्हेलेबल मेमरी एकूण मेमरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरली, तर मेमरी खरोखर कमी पडते आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर कारण दुसरे असण्याचा संभव जास्त.

आता त्या पालकांच्या कॉम्प्युटरकडे वळू. रॅम ८ जीबी. मुलाने नेहमीची सगळी कामे उघडली: ब्राउझर, त्यात अभ्यासाचा व्हिडिओ, एक पीडीएफ, एक टायपिंगचा प्रोग्रॅम. इन यूज साडेचारच्या आसपास, अव्हेलेबल तीन जीबीच्या वर. ओटा अर्धा मोकळा! पण डिस्कचा आलेख पाहावा तर १०० टक्क्यांवर चिकटलेला. डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची आणि जवळपास भरलेली. फडताळाचे दारच अडकते, तिथे ओटा वाढवून काय होणार? रॅम १६ जीबी केली असती तरी सुरू व्हायला लागणारी सहा मिनिटे तशीच राहिली असती. भिशीचे पैसे त्यांनी एसएसडीवर खर्च केले, आणि तेही अर्धेच लागले.

माझे मत विचाराल तर जुन्या कॉम्प्युटरमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल आणि मेमरी निदान ८ जीबी असेल, तर पहिला खर्च एसएसडीचा करावा. मेमरी ४ जीबीच असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. ब्राउझरची पाच-सहा पाने उघडली की ४ जीबीचा दम निघतो. अशा घरात आणखी ४ जीबीची पट्टी घालणे बहुधा फायद्याचे ठरते. अभ्यास, टायपिंग, जॉबवर्कचा हिशेब आणि जीएसटीचे विवरणपत्र एवढ्यासाठी ८ जीबी पुरतात.

पण आपले बमरोली-पांडेसरा काही फक्त अभ्यासाचे आणि हिशेबाचे गाव नाही. आपल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर हे कमाईचे साधन आहे. तेव्हा दोन धंद्यांचा हिशेब नीट करून पाहू. विद्यार्थ्यांनी हा भाग गणिताचा म्हणून वाचावा.

पहिला, एम्ब्रॉयडरीचा. मशीनला द्यायची डिझाइन बहुतेक डीएसटी या प्रकारच्या फाइलमध्ये असते. हा प्रकार जपानच्या ताजिमा कंपनीच्या मशीनांवरून आला. त्यात एका टाक्याला फक्त ३ बाइट लागतात आणि फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा मथळा असतो. डिझाइन एक लाख टाक्यांची धरा. एक लाख गुणिले ३, अधिक ५१२: ३,००,५१२ बाइट. म्हणजे ३०० केबीच्याही आत! मोबाइलवर आलेला सकाळच्या शुभेच्छांचा फोटो याहून मोठा असू शकतो. अर्थात पंचिंगचा प्रोग्रॅम स्वतः मेमरी घेतो, पडद्यावर कापडाचे आणि धाग्याचे चित्र दाखवायलाही लागते. पण “डिझाइन भारी आहे म्हणून रॅम वाढवा” असे कोणी एम्ब्रॉयडरीवाल्याला सांगितले, तर हे गुणाकार त्याच्यापुढे ठेवावेत.

दुसरा, डिजिटल प्रिंटच्या साडीचा. इथे मात्र पारडे उलटे होते. साडी साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर पन्ह्याची धरू. इंचात २१६.५ गुणिले ४३.३. छपाईसाठी दर इंचाला १५० ठिपके घेतले तर लांबीला ३२,४७५ आणि रुंदीला ६,४९५ ठिपके. गुणाकार सुमारे २१ कोटी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून ३ बाइट. म्हणजे ६३ कोटी बाइट, साधारण ६०० एमबी. हा झाला एक थर. चार शाईच्या पद्धतीने केले तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट आणि ८०० एमबी. पदर वेगळ्या थरात, बुट्टे वेगळ्या, काठ वेगळा, जमिनीचा रंग वेगळा, सावली वेगळी असे पाच भरगच्च थर झाले की तीन जीबी तिथेच गेले. त्यात मागे-मागे जाऊन चूक सुधारता यावी म्हणून प्रोग्रॅम आधीच्या पायऱ्या जपून ठेवतो, त्या वेगळ्या. विंडोज आणि ब्राउझर यांचे तीन-चार जीबी धरा. ८ जीबीचा कॉम्प्युटर इथे गुडघे टेकतो, यात त्याचा दोष नाही. अखंड साडी एका फाइलमध्ये करणाऱ्याला १६ जीबी ही गरज आहे. दर इंचाला ३०० ठिपके मागणारा गिऱ्हाईक असेल तर सगळे आकडे चौपट होतात (दुप्पट नव्हे, का ते मुलांनी सांगावे), मग ३२ जीबीही चैन राहत नाही.

थांबा, पाकीट लगेच काढू नका. सगळेच डिझाइनर अखंड साडी काढत नाहीत. रोटरी छपाईच्या जाळीचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून त्यासाठी काढायची नक्षी ६४ सेंटिमीटरची एक ‘रिपीट’ असते, पुढे तीच पुन्हा पुन्हा छापली जाते. तिचा हिशेब: २५.२ इंच गुणिले १५० म्हणजे ३,७८० ठिपके, गुणिले ६,४९५, गुणिले ३. सुमारे ७० एमबी. त्याच गल्लीत, त्याच प्रोग्रॅमवर, एकाला ७० एमबीचा थर आणि दुसऱ्याला ६०० चा! “अमक्याने १६ जीबी टाकली, आपणही टाकू” ही तुलना म्हणूनच फसवी असते.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. खिडकीच्या खालच्या पट्टीत ‘एफिशियन्सी’ हा आकडा दाखवायची सोय आहे. तो काम करताना १०० वर राहिला तर मेमरी पुरते आहे. तो बराच वेळ १०० च्या खाली घसरू लागला तर प्रोग्रॅम डिस्कवर उचल-ठेव करतो आहे. आणि “स्क्रॅच डिस्क भरली” असा संदेश आला तर ती तक्रार डिस्कवरच्या मोकळ्या जागेची असते. जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या की बहुधा भागते. या एका संदेशावर घाईने रॅमच्या पट्ट्या खपवल्या जातात.

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून पाहावेत. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’चे पान आहे. कॉम्प्युटर सुरू होताच कोणकोण न बोलावता येऊन बसते ते तिथे दिसते, नको ते बंद करावे. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा, दोघे एकमेकांवरच पहारा करत बसतात. आणखी एक बारीक गोष्ट: नव्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर आतली काही स्थिती पुढच्या वेळेसाठी जपली जाते. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावा.

आणि धूळ! लूमच्या गाळ्यांजवळ राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. धाग्याची बारीक धूळ पंख्यात आणि जाळीत जाऊन नमद्यासारखी बसते. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. कॉम्प्युटर सकाळी बरा चालतो आणि दुपारी मंदावतो, अशी तक्रार असेल तर आधी पंखा पाहावा. मे महिन्यातल्या सुरतेत पत्र्याखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरला कितीही रॅम घातली तरी तो दुपारी घाम पुसतच बसणार.

मोबाइलच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते, त्याबद्दलही विद्यार्थी विचारतात. त्यातली पहिली ८ खरी रॅम. दुसरी ८ म्हणजे मोबाइलच्या साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा, आपली तीच पेजफाइल, नव्या नावाची.

मेमरी हवीच असे मोजमापातून ठरले तरी काही गोष्टी तपासायच्या राहतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसते, जसे २ पैकी १. दुसरी खाच मोकळी असेल तर जुनी पट्टी न काढता नवी घालता येते. पट्टीचा प्रकार जुळलाच पाहिजे. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना, डीडीआर४ ला आणि डीडीआर५ ला २८८, पण खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात: २०४, २६० आणि २६२ पिनांच्या. बळजबरीने दाबू नये. काही पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाखलेली असते. तिथे वाढवण्याची सोय नाही, म्हणून असा लॅपटॉप घेतानाच पुरेशी घ्यावी. एकसारख्या दोन पट्ट्या असल्या तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, म्हणून वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला जोडीचा फायदा विशेष जाणवतो.

विंडोज ३२ बिटांची असेल तर मात्र ४ जीबीच्या पुढची पट्टी वाया जाते. ३२ बिटांत लिहिता येणारे पत्ते २ चा ३२ वा घात इतकेच, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. तेवढे बाइट म्हणजेच ४ जीबी. त्यापुढच्या घरांना पत्ताच नाही, मग पोस्टमन पोचणार कसा? सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या पानावर हे लिहिलेले असते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हेही हिशेबात धरावे. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नसेल तर त्या जुन्या मशीनच्या डीडीआर३ पट्टीवर आज महागाईचे पैसे घालणे मला पटत नाही. अशा कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट घालून पाहावे. त्याला किमान २ जीबी लागतात, ४ जीबीवर अभ्यासाचे काम नीट होते, आणि ते फुकट आहे.

विश्वस्त मंडळींना कॉम्प्युटर-कक्षाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. शाळेत एकसारखी मशीन असण्याचा मोठा फायदा असा, की पैसा न खर्चता प्रयोग करता येतो. एका मशीनमधली पट्टी काढून तात्पुरती दुसऱ्यात घालायची आणि मुलांचे नेहमीचे काम घड्याळ लावून करायचे. सुरू व्हायला किती वेळ, ब्राउझरची पाच पाने उघडायला किती, मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडून परत ब्राउझरवर यायला किती. शेजारच्या न बदललेल्या मशीनवर तेच. फरक दिसला तर सगळ्या मशीनांचे कोटेशन मागवावे. नाही दिसला, तर एकाच मशीनमध्ये एसएसडी घालून हाच प्रयोग पुन्हा करावा. नववीची मुले हे काम आनंदाने करतील आणि त्यांच्या विज्ञानाच्या वहीत एक खरा प्रयोग नोंदला जाईल.

घरीही असेच करा. वहीत तीन दिवस सकाळ, दुपार, रात्र नोंद ठेवा: काय काय उघडले होते, इन यूज किती, अव्हेलेबल किती, डिस्क किती टक्के, आणि कॉम्प्युटर त्या वेळी अडखळत होता का. दुकानात जाताना ती वही न्या. पट्टी घेतलीच तर बसवण्याआधी वायर काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी धातूच्या पेटीला हात लावा. बसवल्यावर दुकानातच टास्क मॅनेजर उघडून पूर्ण आकडा दिसतो का ते पाहा. घरी आल्यावर विंडोजमधली ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणी रात्री एकदा चालवा. तिच्यात दोष निघाला, किंवा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडू लागला, तर ती पट्टीची खराबी असू शकते. तेव्हा पक्के बिल आणि आठ दिवसांत बदलून देण्याची अट बिलावरच लिहून घेतलेली असावी.